१.४ सेंटिमीटरची गाठ : क्रिटिकल इलनेसच्या दोन क्लेमची हकिगत

डिसेंबर २०२४ पासून माझी मान आणि उजवा खांदा दुखत होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी दिवाणजीचं काम करते. पट्ट्या काढायच्या, खतावणी लिहायची, आता सगळं संगणकावरच. मान धरली की बाम लावायचा आणि कामाला लागायचं, ही सवय. पण हात जड पडायला लागला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढायला सांगितला. ६ जानेवारी २०२५, सोमवार. मिरजेत काढला, साडेसहा हजार रुपये. रिपोर्टमध्ये दीड पान मणक्यांबद्दल होतं आणि सगळ्यात खाली एक ओळ : थायरॉईडच्या उजव्या बाजूला छोटी गाठ दिसते, सोनोग्राफी करून घ्यावी.

मणके ठीक निघाले. पुढचे आठ महिने त्या एका ओळीत गेले.

आजारपणाबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला त्यानंतरच्या विम्याच्या क्लेमबद्दल लिहायचं आहे, कारण त्या दिवसांत मी मराठीत शोध शोध शोधलं आणि 'लगेच पॉलिसी घ्या' यापलीकडे काही हाती लागलं नाही. पॉलिसी घेतलेल्या माणसाला पुढं काय होतं ते कुणी लिहीत नाही.

८ जानेवारीला सोनोग्राफी झाली. गाठ सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, कडा ओबडधोबड, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके. सोनोग्राफीच्या मॅडम आधी बोलत होत्या त्या मध्येच बोलायच्या थांबल्या, तेव्हाच पोटात गोळा आला. १० तारखेला सुईची तपासणी, एफएनएसी. ज्यांना ती करायची आहे त्यांना सांगते, घाबरू नका, शीर न सापडणाऱ्या हातातून रक्त काढताना याहून जास्त दुखतं. रिपोर्ट मंगळवारी १४ तारखेला आला. संक्रांत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिळगुळाच्या वड्या ताटलीत लावत होत्या. मोबाइलवर रिपोर्ट उघडला. 'बेथेस्डा सहा'. त्याचा अर्थ, कॅन्सर, मला आदल्या रात्री वाचून माहीत झाला होता. लेकीची दहावी होती, ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली. मी ताटली घेऊन शेजारच्या चार घरी जाऊन आले आणि मग यांना फोन केला.

मिरजेच्या सर्जननी चांगलं समजावलं. म्हणाले, "ताई, हा कॅन्सरच आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. पण हा हळू वाढणारा, बरा होणारा कॅन्सर आहे. वीस वर्षांपूर्वी तुम्ही मान दुखते म्हणून आला असता तर गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं. ही गाठ कदाचित कधीच कळली नसती. मशिनी चांगल्या झाल्यात, म्हणून दिसली." त्या वेळी मला एवढंच ऐकू आलं की बरा होणारा आहे. मशिनींबद्दलचं वाक्य पुढं चार महिन्यांनी एका विमा कंपनीच्या पत्रात दुसऱ्या रूपात भेटणार होतं.

२७ जानेवारीला ऑपरेशन झालं. थायरॉईडचा उजवा अर्धा भाग आणि शेजारच्या तीन लसिकाग्रंथी काढल्या. आवाजाची नस वाचावी म्हणून ऑपरेशन चालू असताना नसेवर लक्ष ठेवणारं एक यंत्र लावतात, त्याचे वेगळे पैसे. त्यावर मेडिक्लेमच्या लोकांनी शंका काढली, 'हे गरजेचं होतं का?' हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीला नियम पाठ होता. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी केली आहे, ते मेडिक्लेममधून वगळता येत नाहीत, फार तर त्यांना रकमेची मर्यादा घालता येते. रोबोटनं केलेली ऑपरेशनं, गोळ्यांची केमोथेरपी, इम्युनोथेरपीची इंजेक्शनं त्यात आहेत, आणि हे नसेचं मॉनिटरिंगही आहे. तिनं तसं लिहून पाठवलं, दोन तासांत मंजुरी आली. एकूण बिल १ लाख ३८ हजार, त्यातले ११,६०० आम्ही भरले. ३० तारखेला घरी आले. आवाज तीन आठवडे बसलेला होता, दुकानातल्या फोनवर कुणी ओळखत नव्हतं.

५ फेब्रुवारीला बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट आला. पॅपिलरी कार्सिनोमा, १.४ सेंटिमीटर, कडा मोकळ्या, तिन्ही ग्रंथी स्वच्छ. डॉक्टरांच्या भाषेत टी१बी एन०. टी म्हणजे गाठीचा आकार, एन म्हणजे ग्रंथींत गेलं का, एम म्हणजे दुसऱ्या अवयवांत गेलं का. थायरॉईडपुरती असलेली दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ टी१ मध्ये येते. एकपर्यंत टी१ए, एकच्या वर टी१बी. त्या दिवशी आम्ही देवापुढं साखर ठेवली. एवढं चांगलं अक्षर आपल्याला पुढं अडवणार आहे हे ध्यानीमनी नव्हतं.

तासगावचे मामा बघायला आले तेव्हा विम्याचा विषय निघाला. मामा पूर्वी विम्याचं काम करायचे. म्हणाले, "अगं, २०१४ ला तुझ्या टर्म प्लॅनला मी क्रिटिकल इलनेसचा रायडर जोडलाय. दहा लाखांचा. विसरलीस काय?" मी साफ विसरले होते. टर्म प्लॅन म्हणजे माणूस गेला तर घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा, आणि रायडर म्हणजे त्याला जोडलेलं जादा संरक्षण. वर्षाचा हप्ता जायचा, खात्यातून कापला जायचा, बस. दुसरी पॉलिसी लक्षात होती. ती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एका वेगळ्या कंपनीची घेतलेली, पाच लाखांची, फक्त क्रिटिकल इलनेसची. ऑगस्टचा महापूर पाहिल्यावर मला प्रत्येक गोष्टीचा विमा काढावासा वाटत होता.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. क्रिटिकल इलनेसचं तसं नाही. यादीतला आजार ठरलेल्या व्याख्येप्रमाणे झाला की ठरलेली रक्कम एकदम मिळते, बिल किती झालं ते कुणी विचारत नाही. ही कल्पना एका सर्जनची. केपटाउनला १९६७ मध्ये पहिलं मानवी हृदयारोपण करणारे डॉ. क्रिस्तियान बर्नार्ड, त्यांचे भाऊ डॉ. मारियस बर्नार्ड. ऑपरेशन करून वाचवलेले आपले पेशंट पुढं पैशांपायी मोडून पडतात, हे मारियस यांनी पाहिलं, आणि त्यातून १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अशी पहिली पॉलिसी निघाली. त्यात चारच आजार होते : हार्ट अटॅक, पक्षाघात, कॅन्सर आणि बायपास. माझ्यासारखीला ते लगेच पटतं. बिल मेडिक्लेमनं भरलं, पण हळदीचे सौदे सुरू व्हायच्या ऐन हंगामात मी सहा आठवडे घरी होते. आमच्याकडं हंगामावरच वर्षाचं गणित असतं. शिवाय लेकीची अकरावी तोंडावर होती.

पण लगेच क्लेम टाकता आला नाही. बहुतेक पॉलिस्यांत निदानानंतर ठरावीक दिवस पेशंट जिवंत असावा लागतो, याला सर्व्हायव्हल पिरियड म्हणतात. माझ्या दोन्ही पॉलिस्यांत तो ३० दिवसांचा. इथं एक बारीक गोष्ट. निदानाची तारीख कुठली धरायची? मी १४ जानेवारी धरून चालले होते. मामांनी सांगितलं, व्याख्येत गाठीच्या तुकड्यावरची, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीची खात्री मागतात, सुईच्या तपासणीनं भागत नाही. म्हणून ५ फेब्रुवारी. कंपनीला आजार कळवून मात्र आधीच ठेवा, ईमेल पुरतो. मी १० फेब्रुवारीला दोन्हीकडं कळवलं होतं आणि पुढं त्या ईमेलची तारीख दोनदा कामाला आली.

१० मार्चला २०१९ च्या पॉलिसीचा क्लेम ऑनलाइन टाकला. फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी, सर्जनचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, रद्द केलेला चेक. सर्जनच्या प्रमाणपत्रासाठी दोन फेऱ्या झाल्या. तुम्ही फॉर्म घेऊन जाल तेव्हा स्टेजचा रकाना रिकामा सोडू देऊ नका. माझ्या पहिल्या फॉर्मवर 'अर्ली स्टेज' एवढंच लिहिलं होतं. मी विनंती करून गाठीचा आकार आणि पूर्ण टीएनएम लिहून घेतलं.

२०१४ च्या रायडरची अडचण निराळीच होती. कंपनीला मूळ बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, हवा होता. २०१९ मध्ये आम्ही गावभागात राहायचो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं. कपाट तिथंच. पाणी उतरल्यावर आईंनी सगळे कागद गच्चीवर दोरीला लावून वाळवले होते, पानांच्या मध्ये पावडर टाकून. बॉण्डचं पहिलं पान गाळानं इतकं काळं झालं होतं की पॉलिसी नंबरसुद्धा लागत नव्हता. शाखेतल्या बाईंनी ते हातात घेऊन बघितलं, हळहळल्या, आणि डुप्लिकेट बॉण्ड काढायला सांगितलं. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, नोटरी, कंपनीची फी, सगळे मिळून साडेअकराशे रुपये आणि साडेतीन आठवडे. ४ एप्रिलला डुप्लिकेट हातात आला. दोनच पानं. नाव, रक्कम, तारखा. मला तेव्हा जाणवलं नाही की अटींची पुस्तिका त्याबरोबर आलेली नाही. ७ एप्रिलला तोही क्लेम शाखेत दिला, प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घेतला.

एप्रिलच्या शेवटी कंपनीचा एक माणूस चौकशीला घरी आला. ओळखपत्र मागा, द्यायला लागतं. मला २०१४ च्या आधी थायरॉईडचा त्रास होता का, गोळ्या चालू होत्या का, घराजवळचे डॉक्टर कोण, हे विचारून गेला. आई फार घाबरल्या, "आपण काही खोटं लिहिलंय काय गं?" लिहिलं नव्हतं. शिवाय १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५ आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्याची पॉलिसी किंवा रायडर तीन वर्षांचा झाला की त्याच्या वैधतेवर कंपनीला बोट ठेवता येत नाही. माझा अकरा वर्षांचा होता. पण हे कळायला मामांना फोन करावा लागला, आणि तोवरची रात्र वाईट गेली. प्रस्तावाचा फॉर्म भरताना खरं लिहिलेलं असलं तरी आपल्या दारात कुणी चौकशी करतं तेव्हा लाज वाटते. का वाटावी, मला अजून कळलेलं नाही.

६ मे रोजी पहिलं पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण : थायरॉईडचा कॅन्सर टी१ एन० एम० किंवा त्याखालचा असल्यास व्याख्येत बसत नाही.

१९ मे रोजी दुसऱ्या कंपनीचं पत्र. तेच कारण, जवळजवळ त्याच शब्दांत.

मी पत्र हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. गळ्यावर चार बोटं लांब टाका आहे, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी आहे, आणि दोन कंपन्या सांगताहेत की तुम्हाला झाला तो कॅन्सर आमच्या हिशेबात धरत नाही. त्या आठवड्यात मी कुणाशीच नीट बोलले नाही. हे म्हणाले, "जाऊ दे, तू बरी आहेस ना, पैसे येतील-जातील." त्यांचं खरं होतं. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळे जुळवत आले आहे. ताळा जुळत नसेल तर झोप येत नाही.

मग वाचायला घेतलं, आणि सर्जनचं ते वाक्य आठवलं. दक्षिण कोरियात १९९९ नंतर सरकारी कॅन्सर तपासणीच्या जोडीला थोडे पैसे जास्त देऊन लोक थायरॉईडची सोनोग्राफी करून घ्यायला लागले. २०११ मध्ये तिथं थायरॉईडचा कॅन्सर सापडण्याचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं होतं. त्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास होतं तिथंच. म्हणजे आजार वाढला नव्हता, दिसायला लागला होता. २०१६ मध्ये तर डॉक्टरांनी थायरॉईडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून 'कार्सिनोमा' हा शब्दच काढून टाकला, कारण ती गाठ कॅन्सरसारखी वागत नाही हे कळलं. आपल्याकडंही आयआरडीएआयनं गंभीर आजारांच्या व्याख्या सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या, आधी २०१३ मध्ये आणि मग सुधारून २०१६ मध्ये. टी१ एन० एम० ची ओळ ही २०१६ ची.

आमच्या शेठना २०२२ मध्ये दोन स्टेंट बसले. अटॅक आलेला नव्हता, जिना चढताना दम लागायचा म्हणून अँजिओग्राफी केली. मनगटातून तार घातली आणि तिसऱ्या दिवशी दुकानात. त्यांच्या क्रिटिकल इलनेसमधून काही मिळालं नाही, कारण व्याख्येत बायपास आहे, अँजिओप्लास्टी, म्हणजे असं तार घालून स्टेंट बसवणं, वगळली आहे. हृदयाची झडप छाती उघडून बदलली तर बसते, पायातल्या नसेतून तार घालून केलेल्या उपचाराला ती व्याख्या लागू नाही. पक्षाघातात तीन महिन्यांनंतरही मेंदूची हानी टिकून असावी लागते; वेळेत इंजेक्शन मिळून माणूस पूर्ण बरा झाला तर क्लेम नाही. पेशंट म्हणून यातली प्रत्येक गोष्ट देवाची कृपा वाटावी अशी आहे, आणि पॉलिसीच्या पानावर नेमकी तीच वगळलेली सापडते. मला यात कंपन्यांची बाजू अगदीच कळत नाही असं नाही. आजार सापडणं सोपं झालं आणि बरं होणंही सोपं झालं, तर प्रत्येक वेळी पूर्ण रक्कम देऊन हप्ता परवडणार नाही. पण हे विकताना सांगा. 'कॅन्सर कव्हर' असं मोठ्या अक्षरात लिहिता, तर त्याच कागदावर तेवढ्याच अक्षरात 'छोटा थायरॉईडचा नाही' हेही लिहा.

२३ मेच्या रात्री, हे सगळं वाचून झाल्यावर, एक साधी गोष्ट डोक्यात आली. ओळ २०१६ ची. माझा रायडर २०१४ चा.

आयुर्विम्याच्या रायडरचा करार ज्या अटींवर झाला त्याच अटींवर मुदतभर चालतो. मग २०१४ ला माझ्या करारात थायरॉईडबद्दल काय लिहिलं होतं? डुप्लिकेटबरोबर पुस्तिका नव्हती. अकराला मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पुरातली ओली पुस्तिका तिच्यात होती, वाळून वीट झालेली, पानं एकमेकांना चिकटलेली. जेवणाच्या सुरीच्या पाठीनं एकेक पान सोडवत बसले. लेक उठून आली, तिनं टॉर्च धरला. निम्मी पानं फाटली. गंभीर आजारांच्या व्याख्यांचं पान मधोमध फाटलं, पण खालचा भाग शाबूत निघाला. वगळलेल्या कॅन्सरच्या यादीत थायरॉईडची एक ओळ होती : थायरॉईडचा पॅपिलरी मायक्रो कार्सिनोमा, १ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचा.

माझी गाठ १.४.

लेकीनं विचारलं, "आई, म्हणजे मोठी असलेली बरी?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी त्या पानावर पावडर टाकून झोपलो.

फाटक्या पानावर तक्रार उभी राहणार नाही हे मला माहीत होतं. डुप्लिकेट बॉण्डवर रायडरच्या नावापुढं एक लांबलचक क्रमांक असतो, यूआयएन. प्रत्येक विमा उत्पादनाचा तो वेगळा असतो आणि व्याख्या बदलली, उत्पादन बदललं की क्रमांकही बदलतो. तो घालून कंपनीच्या संकेतस्थळावर बंद झालेल्या योजनांच्या यादीत शोधलं तर माझ्या रायडरच्या अटींची अख्खी पीडीएफ मिळाली. तीच ओळ, स्वच्छ छापलेली. नामंजुरीच्या पत्रात खाली बारीक अक्षरात दुसराच यूआयएन होता. कुणीतरी नव्या योजनेची व्याख्या माझ्या जुन्या कराराला लावली होती. मुद्दाम की नजरचुकीनं, हे मला आजही माहीत नाही. तुमचा क्लेम नाकारला गेला असेल तर रडण्याच्या आधी, किंवा रडून झाल्यावर, हे दोन क्रमांक शेजारी ठेवून बघा.

२६ मे रोजी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं पत्र पाठवलं. दीड पान. आजारपणाचं वर्णन नाही, विनवणी नाही. माझ्या यूआयएनची व्याख्या, तुम्ही लावलेली व्याख्या, बायोप्सीतला आकार, तिन्ही एकाखाली एक. जोडीला आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद केली. २० जूनला उत्तर आलं : निर्णय कायम. कारण पुन्हा तेच, जणू माझं पत्र कुणी उघडलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र मला राग आला, आणि खरं सांगते, रागानं बरं वाटलं.

पुढची पायरी विमा लोकपाल. सातारा, सांगली, कोल्हापूर हा आपला सगळा भाग पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडं येतो. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आधी कंपनीकडं लेखी तक्रार केलेली असावी लागते, आणि त्यांनी नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. मी २७ जूनला ऑनलाइन तक्रार भरली. काही दिवसांनी त्यांच्याकडून एक छापील फॉर्म आला, तो सही करून परत पाठवला. सुनावणी व्हिडिओ कॉलवर होऊ शकते असं कळलं, पुण्याच्या फेरीचे पैसे वाचणार म्हणून हायसं वाटलं. फॉर्म भरताना माझी एक चूक झाली. उशिराबद्दलचं व्याज मी मागितलंच नाही. तुम्ही त्या रकान्यात आठवणीनं लिहा.

२०१९ च्या पॉलिसीबद्दल मी तक्रार केली नाही. तिच्या कागदावर टी१ एन० एम० स्पष्ट छापलेलं होतं, सही माझी होती. मामा म्हणत होते, "टाकून तर बघ." नाही टाकली. ज्या तर्कानं मी एका कंपनीला तुमचं लिहिलेलं पाळा म्हणत होते, तोच इथं मला लागू होता.

जुलै नुसता गेला. दुकानातली गर्दी ओसरली होती, मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघायची.

२१ ऑगस्टला, सुनावणीची तारीख लागायच्या आधीच, कंपनीचा ईमेल आला. प्रकरणाचा फेरविचार करून क्लेम मंजूर करत आहोत, लोकपालांकडची तक्रार मागे घेतल्याचं पत्र द्यावं. मी कळवलं की रक्कम जमा झाली की त्याच दिवशी देते. हे वाक्य लिहिताना हात थरथरत होता, पण लिहिलं. २९ ऑगस्ट, शुक्रवार, घरात गणपती बसलेले. आरतीच्या वेळी मोबाइल वाजला. दहा लाख जमा. आरती संपेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. मग आईंना सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्याच्या टाक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन मोदकाचं पीठ मळायला लागल्या.

रायडर आता संपला. मूळ टर्म प्लॅन चालू आहे, कारण माझा रायडर वेगळ्या रकमेचा होता. काही रायडरची रक्कम मूळ विम्यातूनच वजा होते, तुमचा कुठला आहे ते बघून ठेवा. मला नवीन टर्म विमा वाढवून घ्यायचा होता, त्या कंपनीनं नकार न देता 'पुढे ढकललं' असं कळवलं. काही काळानं तपासण्यांचे रिपोर्ट जोडून पुन्हा अर्ज करा म्हणाले. म्हणून सोनोग्राफीचा प्रत्येक रिपोर्ट फाइलला लावते आहे. यांचा टर्म प्लॅन ऑक्टोबरमध्ये घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे हप्ता तेवढा हलका झाला. पॉलिसी आली त्या रात्री आम्ही दोघं व्याख्यांची पानं मोठ्यानं वाचत बसलो. परत करायची असेल तर आता ३० दिवस मिळतात, पूर्वी १५ मिळायचे. दोन ठिकाणी अडलं, मी सर्जनना फोन करून विचारलं.

लेकीनं त्या फाटक्या पुस्तिकेचं पान प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पॉलिसीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं आहे. फाइल आता माळ्यावर नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. माझी पुढची सोनोग्राफी फेब्रुवारीत.